जुन्या ट्रकला नवा सेट: बॅटरीपासून स्पीकरच्या पेटीपर्यंत

जालन्याहून सळई भरून निघालेली जुनी गाडी बीड ओलांडून मांजरसुंब्याचा घाट चढायला लागली, की केबिनमध्ये शेजारी बसलेल्या क्लीनरचं बोलणंही ओरडल्याशिवाय कळत नाही. गाणं तर लांबच. मग मालक किंवा ड्रायव्हर दुकान गाठतो आणि खोक्यावर वॅटचा सगळ्यात मोठा आकडा असलेला गाण्यांचा सेट (कार स्टिरिओ) आणि जाडजूड उफर (वूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर) घेऊन येतो. थोड्याच दिवसांत एक तर सेट जळतो, नाही तर सकाळी सेल्फ लागत नाही. दोन्ही टळलं तरी आवाज नुसता मोठा होतो, शब्द काही कळत नाहीत.

जुन्या ट्रकमध्ये या कामाचा क्रम उलटा धरावा लागतो. आधी वीज, मग केबिन, मग स्पीकर आणि सगळ्यात शेवटी सेट. पैसेही त्याच क्रमाने घालावेत. मल्टीमीटर, पाने-पक्कड, ड्रिल आणि एक मोकळा दिवस हाताशी असेल तर यातलं बहुतेक काम घरच्या अंगणात होतं. इलेक्ट्रिशियनकडून करून घेणार असाल, तरी काय सांगायचं आणि काय तपासायचं ते खाली आहे.

आधी व्होल्ट मोजा

बाजारातले जवळपास सगळे कार सेट १२ व्होल्टचे असतात. टाटा ४०७ सारख्या हलक्या गाड्यांची आणि पिकअपची वीज बहुधा १२ व्होल्टची, तर मोठ्या ट्रकची बहुधा २४ व्होल्टची असते. पण जुन्या गाडीवर अनेकांचे हात फिरलेले असतात, त्यामुळे अंदाजावर जाऊ नका. दोन बॅटऱ्या दिसल्या म्हणजे २४ व्होल्टच, असंही नाही. एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडलेला असेल तर २४, प्लसला प्लस आणि मायनसला मायनस असेल तर १२. इंजिन बंद ठेवून मीटरची काळी टोकणी चासीच्या अर्थला आणि लाल टोकणी सेल्फकडे जाणाऱ्या जाड वायरच्या बॅटरीकडच्या टोकाला लावा. चांगल्या, भरलेल्या बॅटऱ्यांवर १२.७ किंवा २५.४ च्या आसपास आकडा दिसेल. मग इंजिन चालू करून थोडी रेस द्या. १२ व्होल्टच्या गाडीत साधारण १३.८ ते १४.४ आणि २४ व्होल्टच्या गाडीत २७.५ ते २८.८ दिसलं पाहिजे. यापेक्षा कमी असेल तर अल्टरनेटरचा पट्टा, कार्बन किंवा रेग्युलेटर आधी बघा, आणि जास्त असेल तर रेग्युलेटर. ते दुरुस्त होईपर्यंत नवा सेट खोक्यातच राहू द्या.

२४ व्होल्टच्या गाडीत सगळ्यात जास्त केली जाणारी आणि सगळ्यात महाग पडणारी गोष्ट म्हणजे दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडणीवरून १२ व्होल्ट काढणं. सेट वाजतो, म्हणून सगळ्यांना ते बरोबर वाटतं. पण सेट एकाच बॅटरीतून वीज ओढतो आणि अल्टरनेटर दोघींना मिळून एकच चार्जिंग देतो. जी वापरली जाते ती कायम अर्धपोटी राहते, आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊन पाणी उडवते. काही काळात जोडी बिघडते आणि दोन्ही बॅटऱ्या बदलायची पाळी येते. रेझिस्टन्स घालून व्होल्ट पाडण्याचा जुगाडही करू नका. सेट जितका करंट ओढेल तितका व्होल्ट बदलतो, त्यामुळे आवाज कमी केला की सेटवर जास्त व्होल्ट चढतो.

यावर खरा उपाय म्हणजे चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर, ज्याला दुकानात रिड्यूसर म्हणतात. स्विचिंग पद्धतीचा घ्या, त्यात वीज कमी वाया जाते आणि तो कमी तापतो. नुसत्या सेटला, म्हणजे मागे १० अँपिअरचा फ्यूज असलेल्या सेटला, १० अँपिअरचा कन्व्हर्टर कागदावर पुरतो. पण मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ च्या घरात जातो आणि उन्हात उभ्या केबिनमध्ये त्याहून कितीतरी जास्त तापतं. म्हणून २० अँपिअरचा घ्या आणि निम्म्या ताकदीवर चालवा. त्याच्या पंखांना हवा लागेल असा, पत्र्यावर घट्ट बसवा. सीटखाली गोधडी आणि पाण्याच्या कॅनमध्ये कोंबलेला कन्व्हर्टर टिकत नाही.

केबिनचा पंखा, पट्टीचे लाइट, फोनचा चार्जर यांचा भार या कन्व्हर्टरवर टाकू नका. ही सगळी साधनं २४ व्होल्टवर चालणारी मिळतात.

वायरिंग: इथे हात आखडू नका

आपल्या भागातल्या गाड्या कापूस वाहतात, कडबा वाहतात, बारदाना वाहतात. घासलेल्या वायरीची एक ठिणगी अशा गाडीत काय करते, हे कोणत्याही ड्रायव्हरला सांगावं लागत नाही. म्हणून या भागात मी कुठलीही सवलत देणार नाही.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची चासीला जाणारी मायनस वायर काढा, आणि सगळं संपल्यावर ती शेवटी लावा. नवी लाइन थेट बॅटरीवरून घ्या. हॉर्नच्या किंवा वायपरच्या वायरीला पीळ मारून घेऊ नका. बॅटरीच्या प्लसपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज हवाच. फ्यूज सेटच्या रक्षणासाठी नसतो, तो वायरीच्या रक्षणासाठी असतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्या मधल्या वायरीला कोणीच वाली नसतो, म्हणून तो तुकडा शक्य तितका आखूड ठेवा. २० अँपिअरच्या कन्व्हर्टरला २४ च्या बाजूला १५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. नुसता सेट असेल तर ७.५ चा बसतो. फ्यूज उडाला तर कारण शोधा. त्याच्या जागी तार बांधणारा माणूस गाडीच पेटवायला निघालेला असतो.

बॅटरी ते कन्व्हर्टर ही लांब लाइन ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या बहुतारी वायरीची घ्या. कन्व्हर्टर ते सेट हा १२ व्होल्टचा पल्ला मुद्दाम आखूड ठेवा, कारण तितक्याच वॅटला १२ व्होल्टवर करंट दुप्पट लागतो आणि वायरीत व्होल्ट जास्त पडतो. त्यासाठी २.५ ची वायर चालेल. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं) घाला आणि सगळ्या लांबीवर स्लीव्ह चढवा. दर हातभर अंतरावर ती बांधा, आणि सायलेन्सर, गिअरचे रॉड, क्लच पेडल यांच्यापासून दूर ठेवा. जोड पिळून काळी पट्टी गुंडाळायची पद्धत ट्रकमध्ये टिकत नाही. उन्हाने पट्टीचा डिंक वितळतो आणि हादऱ्याने जोड सुटतो. वायरीच्या टोकाला लग (धातूचं तयार टोक) दाबून बसवा, त्यावर हीट-श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आकसणारी नळी चढवा.

अर्थिंगचं वेगळं सांगायला हवं. बऱ्याच जुन्या गाड्यांची केबिन बॉडी बिल्डरकडे लाकूड आणि पत्र्याची बांधलेली असते. तिच्या पत्र्यावरचा अर्थ आज मिळतो, उद्या गंजाने जातो. सेटसाठी प्लसइतक्याच जाडीची स्वतंत्र मायनस वायर चासीपर्यंत न्या. जिथे बोल्ट मारणार तिथला रंग पॉलिश पेपरने चकचकीत घासा, दातेरी वॉशर घाला, घट्ट करा आणि वरून ग्रीस लावा.

जुन्या गाडीच्या किल्लीला बऱ्याचदा सेटसाठी वेगळी खूण नसते. अशा वेळी कन्व्हर्टरच्या आधी, २४ च्या बाजूला, २४ व्होल्ट कॉइलचा रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच घाला. त्याच्या पायांवर आकडे लिहिलेले असतात. ८५ ला अर्थ आणि ८६ ला किल्लीने येणारी लाइन जोडा, मध्ये एक साधा स्विच ठेवा. ३० ला बॅटरीची फ्यूजमधून आलेली वायर आणि ८७ वरून कन्व्हर्टर. किल्ली काढली की सगळं पूर्ण बंद होतं, कारण कन्व्हर्टर नुसता जोडलेला असला तरी थोडी वीज पीत राहतो. या जोडणीत सेटची पिवळी वायर (कायमची लाइन) आणि लाल वायर (चालू-बंद) दोन्ही कन्व्हर्टरच्या प्लसवर येतात. सेटमधली वेळ आणि लावून ठेवलेली स्टेशनं पुसली जाऊ शकतात, पण दोन दिवस उभ्या गाडीची बॅटरी बसण्यापेक्षा ते परवडलं.

एक जोड मी प्रत्येकाला सुचवतो. लाल वायर पाच पायांच्या दुसऱ्या २४ व्होल्ट रिलेच्या ३० आणि ८७-ए मधून न्या, आणि त्याची कॉइल रिव्हर्स लाइटवर चालवा. रिव्हर्स पडला की सेट आपोआप गप्प बसतो. मोंढ्यात गाडी मागे घेताना क्लीनरचं ‘येऊ द्या, येऊ द्या’ आणि फाळक्यावरची थाप ऐकू येणं हे गाण्यापेक्षा कितीतरी मोलाचं आहे.

केबिन शांत करणं हाच अर्धा अपग्रेड

सहा सिलिंडरचं इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर फिरतं तेव्हा सेकंदाला ७५ स्फोट होतात, चार सिलिंडरमध्ये ५०. म्हणजे इंजिनाचा घुमारा नेमका त्या पट्ट्यात येतो जिथे ढोलकी-तबल्याचा खर्ज आणि उफरचं काम असतं. मोठा उफर लावून इंजिनाशी स्पर्धा करणं म्हणूनच वाया जातं. घुमारा कमी केला तर साधा स्पीकरही मोकळा वाजतो.

सुरुवात केबिनमधल्या इंजिनच्या बोनेटपासून करा. कडेचं रबर आकसलेलं असेल तर नवं लावा, क्लिपा घट्ट करा. गिअर लिव्हरचा फाटलेला रबरी बूट बदला. पेडलखालची आणि पुढच्या पत्र्यातली जुनी भोकं बुजवा. दारांच्या बीडिंगवर हात फिरवून बघा, उजेड दिसतो तिथून आवाजही येतो. एवढ्यानेच फरक जाणवतो, आणि धूळ व उष्णता कमी येते ती वेगळीच.

मग दारं. बाहेरच्या पत्र्यावर बोटाने टकटक करा, डब्यासारखा आवाज येईल. पत्रा डिझेलने पुसून नव्हे, थिनरने पुसून कोरडा करा आणि आतून ब्युटाइलची डॅम्पिंग शीट (पत्र्याचा कंप शोषणारी) रोलरने दाबून चिकटवा. सगळा पत्रा झाकायची गरज नसते, मधला निम्मा भाग पुरे. डांबराची स्वस्त शीट घेऊ नका, आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती मऊ होऊन घसरते आणि काचेच्या यंत्रात अडकते. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं बुजणार नाहीत याची काळजी घ्या. इंजिनाच्या बोनेटला आतून साधा फोम कधीच लावू नका. तो तेल शोषतो आणि पेट घेतो. तिथे फक्त अॅल्युमिनियमचं आवरण असलेलं, उष्णता सोसणारं अस्तर लावा.

स्पीकर आणि त्याची पेटी

स्पीकर विकत घेताना वॅटपेक्षा सेन्सिटिव्हिटीचा आकडा बघा. तो डेसिबलमध्ये लिहिलेला असतो. ९१ डेसिबलचा स्पीकर ८८ च्या स्पीकरइतका आवाज निम्म्या वॅटमध्ये देतो. सेटमधला अँप (अॅम्प्लिफायर, आवाज वाढवणारा भाग) खोक्यावर ‘५० × ४’ म्हणत असला तरी सतत देऊ शकतो ती ताकद चॅनेलमागे साधारण १५ ते २० वॅट असते. म्हणून सेटवरच चालवायचं असेल तर ९० च्या वरचे, साडेसहा इंची, ४ ओहमचे कोअॅक्शियल (मधोमध छोटा ट्वीटर असलेले) स्पीकर घ्या. कागदी कोनापेक्षा पॉलिप्रॉपिलीनचा कोन घ्यावा, पावसाळ्यात गळणाऱ्या केबिनमध्ये कागद फुगतो.

जुन्या दारांत स्पीकरची जागा नसते आणि काच खाली आली की ती चुंबकाला अडते. दार कापण्याआधी काच पूर्ण खाली करून खोली मोजा. माझ्या मते दाराच्या भानगडीत न पडता काचेवरच्या कप्प्यात दोन पेट्या बसवाव्यात. १२ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय घेऊन आतून २५ बाय २५ बाय १५ सेंटिमीटरच्या दोन बंद पेट्या करा, म्हणजे प्रत्येकी साधारण नऊ लिटर जागा झाली. सांधे सिलिकॉनने भरा, आत थोडा सिंथेटिक कापूस सैल भरा. भोकाचं माप स्पीकरसोबत येणाऱ्या कागदी साच्यावरून घ्या. पेटी महत्त्वाची आहे, कारण उघड्यावर लावलेल्या स्पीकरच्या मागची लाट पुढच्या लाटेला खाते आणि खर्ज नाहीसा होतो. पेट्यांची तोंडं ड्रायव्हरच्या कानाकडे किंचित झुकवा आणि त्या नट-बोल्टने केबिनच्या सांगाड्याला बांधा. ब्रेक मारल्यावर डोक्यावर येणारी पेटी नको.

जुन्या रेडिओची वायरिंग तशीच वापरू नका. त्या काळी स्पीकरची एक बाजू चासीला जोडायची पद्धत होती. आजच्या सेटमध्ये स्पीकरची कुठलीही वायर बॉडीला लागली तर आतला अँप जळतो. प्रत्येक स्पीकरला दोन वायरी थेट सेटपर्यंत न्या. रंगांची पद्धत ठरलेली आहे: पुढचा डावा पांढरा, पुढचा उजवा करडा, मागचा डावा हिरवा, मागचा उजवा जांभळा, आणि त्याच रंगावर काळी रेघ असेल तर ती मायनस. एका चॅनेलवर ४ ओहमचे दोन स्पीकर पॅरलल लावले की २ ओहम होतात आणि सेट तापून बसतो. चार स्पीकर हवे असतील तर चार चॅनेल वापरा.

प्लस-मायनस नीट आहे का ते बघायला सेटकडची टोकं मोकळी असताना त्यांना घड्याळातला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. प्लसला प्लस असेल तर कोन बाहेर येतो. दोन्ही स्पीकरचे कोन एकाच दिशेने हलले पाहिजेत. एक उलटा असेल तर आवाज पोकळ येतो आणि माणूस उगाच स्पीकरला नावं ठेवतो.

सेट, आणि हवाच असेल तर अँप

स्क्रीनवाला अँड्रॉइड सेट ट्रकसाठी मी सुचवत नाही. डॅशबोर्डवर दुपारचं ऊन थेट पडतं, स्क्रीन तापते आणि नजर रस्त्यावरून हटते. एका डिनचा (डॅशबोर्डवरच्या एका ठरलेल्या खाच्याच्या मापाचा), ब्लूटूथ, यूएसबी आणि एफएम असलेला, गोल फिरणाऱ्या बटणाचा सेट घ्या. अंधारात हाताला कळेल असं बटण हवं. सेटला मागून पट्टीचा आधार द्या. नुसत्या पुढच्या चौकटीवर लटकलेला सेट खड्ड्यांनी आतल्या आत खिळखिळा होतो. यूएसबीच्या तोंडाला धुळीसाठी टोपी लावा.

घाटातही शब्द स्पष्ट हवे असतील तर चार चॅनेलचा छोटा डी-क्लास अँप घ्या. ५० वॅटचे चार चॅनेल पूर्ण ताकदीने वाजले तर १२ व्होल्टवर साधारण १८ अँपिअर लागतात. गाणं सतत पूर्ण ताकदीने वाजत नसल्यामुळे सरासरी त्याहून बरीच कमी असते, तरीही असा अँप लावायचा तर कन्व्हर्टर ३० अँपिअरचा हवा, आणि बॅटरीकडची वायर व फ्यूज त्याच हिशोबाने वाढवा. अँप सेटच्या निळ्या-पांढऱ्या वायरीने चालू-बंद होतो. सेटकडून अँपकडे गाण्याचा सिग्नल नेणाऱ्या आरसीए वायरी विजेच्या वायरींच्या विरुद्ध बाजूने न्या.

अँपवरचं गेन हे आवाजाचं बटण नव्हे. सेटचा आवाज तीन चतुर्थांशावर ठेवा, गेन शून्यापासून वाढवत न्या, आवाज फाटायला लागला की जरा मागे घ्या आणि मग त्याला हात लावू नका. हाय-पास फिल्टर (ठरलेल्या आकड्याखालचा खर्ज अडवणारा) ८० ते १०० हर्ट्झवर लावा, म्हणजे स्पीकर नको त्या खर्जावर धापा टाकणार नाहीत. सेटवर बास सपाट ठेवून मधला पट्टा थोडा उचला. माणसाचा आवाज मुख्यतः ३०० ते ३४०० हर्ट्झमध्ये कळतो. भारूड असो, कीर्तन असो की बातम्या, शब्द तिथेच आहेत. ड्रायव्हर उजव्या स्पीकरच्या जवळ बसतो, म्हणून बॅलन्स किंचित डावीकडे द्या.

घरघर, शिट्टी आणि खरखर

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, त्यामुळे पेट्रोल गाडीसारखी टकटक इथे येत नाही. रेस दिल्यावर चढत जाणारी शिट्टी आली तर ती अल्टरनेटरची. सेटचा अर्थ आणि अँपचा अर्थ वेगवेगळ्या ठिकाणी असेल तर दोन्ही एकाच बोल्टवर आणा, बहुतेक वेळा शिट्टी तिथेच जाते. इंडिकेटर किंवा वायपर चालू असताना कट-कट येत असेल तर त्यांचा अर्थ सैल आहे. फक्त एफएमवर खरखर आणि यूएसबीवर स्वच्छ आवाज, असं असेल तर कन्व्हर्टर किंवा मोबाइल चार्जर एरियलच्या वायरीजवळ आहे. त्यांना दूर करा आणि कन्व्हर्टरच्या दोन्ही बाजूंच्या वायरींवर फेराइटची क्लिप बसवा. लाकडी केबिनमध्ये एरियलच्या बुडाला चासीपर्यंत अर्थ द्यावा लागतो. बालाघाटाच्या डोंगरामागे गेल्यावर स्टेशन पुसट होणं मात्र साहजिक आहे, एफएमच्या लहरी डोंगर ओलांडत नाहीत.

रांगेत उभी गाडी, वेल्डिंग आणि कान

हंगामात कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत रात्र जाते आणि इंजिन बंद ठेवून गाणी चालू असतात. मध्यम आवाजात सेट २४ च्या बाजूने साधारण दीड-दोन अँपिअर ओढतो, दहा तासांत १५ ते २० अँपिअर-तास. १०० अँपिअर-तासाच्या पण थकून निम्म्यावर आलेल्या बॅटरीसाठी हे फार आहे. डॅशबोर्डवर छोटा डिजिटल व्होल्टमीटर लावा. सेट वाजत असताना २४.४ दिसलं की बॅटरी निम्म्याच्या आसपास आली असं धरा आणि सेट बंद करा. त्याखाली जाऊ दिलं तर पहाटे धक्का मारायला माणसं गोळा करावी लागतील. लक्षात राहत नसेल तर व्होल्ट पडताच लाइन तोडणारा कट-ऑफ कन्व्हर्टरच्या आधी बसवता येतो.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून डायनामो (अल्टरनेटर) तपासायची रस्त्याकडेची पद्धत आहे. त्या क्षणी लाइनवर चढणारा झटका कन्व्हर्टर आणि सेट दोन्ही घेऊन जातो. कोणालाही तसं करू देऊ नका. हौद्याला किंवा चासीला वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीची मायनस वायर आणि अल्टरनेटरचे जोड काढा, आणि सेटचा मागचा प्लगही काढा. वेल्डिंगचा अर्थ कामाच्या अगदी जवळ लावायला सांगा.

कानांचं गणित कडक आहे. ८५ डेसिबल आवाज आठ तास, ही बऱ्याच ठिकाणी मानली जाणारी सुरक्षित मर्यादा. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन. जुन्या केबिनमध्ये इंजिनाचाच आवाज या मर्यादेच्या आसपास असतो, आणि ड्रायव्हरचा दिवस आठ तासांत संपत नाही. मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा सायरन काच बंद असतानाही ऐकू आला पाहिजे, आवाजाची वरची मर्यादा तिथे ठरवा. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात आणि रात्री १० नंतर वस्तीतून जाताना आवाज केबिनबाहेर जाऊ देऊ नका.

भरल्या गाडीची पहिली लांब खेप झाली की कन्व्हर्टर, फ्यूजचा डबा आणि अर्थचा बोल्ट यांना हात लावून बघा. काही गरम लागलं तर तो जोड सैल आहे किंवा वायर बारीक आहे. पेट्यांचे नट पुन्हा आवळा आणि दर पावसाळ्याआधी अर्थचा बोल्ट उघडून, घासून परत ग्रीस लावा.